बूट न होणारा पेनड्राइव्ह: लिनक्सची स्थापना नेमकी कोठे अडली हे कसे ओळखावे

विंडोज १०चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११च्या अटींत न बसणारे, पण एरवी ठणठणीत असलेले लॅपटॉप घरोघरी पडून राहिले. त्यांवर विंडोजऐवजी लिनक्सचे एखादे वितरण (वापरायला तयार रूप), जसे लिनक्स मिंट किंवा डेबियन, बसवायचे ठरवले की काम तीन पायऱ्यांचे दिसते: आयएसओ फाईल (स्थापनेच्या संपूर्ण सीडीची एका फाईलीतली प्रत) उतरवून घ्यायची, ती पेनड्राइव्हवर लिहायची आणि लॅपटॉप त्या पेनड्राइव्हवरून सुरू करायचा. तिसऱ्या पायरीला पडदा काळाच राहिला किंवा इंग्रजीतली एखादी अनोळखी ओळ उमटली की बहुतेक जण तोच पेनड्राइव्ह त्याच पद्धतीने पुन्हा लिहितात, तरीही जमले नाही तर तिसऱ्यांदा लिहितात आणि संध्याकाळ तशीच सरते. पुन्हा लिहिणे हा काही दोषांवरचा उपाय आहे, सर्व दोषांवरचा नव्हे. आणि दोष कोणता हे पेनड्राइव्हकडे पाहून कळत नाही, ते पडद्याकडे पाहून कळते.

संगणक पेनड्राइव्हवरून सुरू होतो तेव्हा चार निरनिराळे प्रोग्राम एकामागून एक सूत्रे हाती घेतात. प्रथम मदरबोर्डवरचे फर्मवेअर, ज्याला आपण सवयीने अजूनही बायोस म्हणतो, ते पेनड्राइव्ह शोधते. त्यावरचा बूटलोडर, म्हणजे बहुधा ग्रब, हा मेनू दाखवतो. मेनूतून निवड केली की लिनक्सचा कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, स्मृतीत चढतो आणि सर्वांत शेवटी इन्स्टॉलर किंवा थेट चालणारा डेस्कटॉप समोर येतो. प्रत्येकाची बोलण्याची तऱ्हा वेगळी आहे. ‘बूट होण्याजोगे साधन सापडले नाही’ अशा अर्थाची ओळ फर्मवेअरची असते. ग्रब हा शब्द आणि त्यापुढे लुकलुकणारी खूण दिसली तर बोलणारा बूटलोडर असतो. ओळींमागून ओळी धावून मध्येच थांबल्या तर तो कर्नल असतो. आणि चौकटीत, बटणांसह आलेली तक्रार इन्स्टॉलरची असते. म्हणून काहीही बदलण्याआधी मोबाइलवर पडद्याचा फोटो काढून ठेवावा. पुढचे सर्व विवेचन ‘पडद्यावर आत्ता कोण बोलत आहे’ या एकाच प्रश्नाच्या आधाराने केले आहे.

हात घालण्याआधी एक खबरदारी

ज्या लॅपटॉपवर विंडोज आहे आणि ते ठेवायचे आहे, त्यावर बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. होम आवृत्तीतही हे कुलूप मालकाच्या नकळत लागलेले असू शकते. फर्मवेअरमधील सिक्युअर बूटसारखी (सही न पटलेला प्रोग्राम सुरू होऊ न देणारी) एखादी मांडणी बदलली की पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते आणि ती हाताशी नसेल तर आतला सर्व मजकूर गेल्यात जमा होतो. ही की बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती काढून कागदावर लिहून घ्यावी आणि तो कागद लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नये. फोटो, कागदपत्रे आणि हिशेब यांची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतल्याखेरीज पुढे जाऊ नये, हे वेगळे सांगायला नको. तरीही सांगतो, कारण ज्यांना ते ठाऊक असते त्यांच्याकडेही अनेकदा प्रत नसते.

फाईल खरी आहे ना, पेनड्राइव्ह खरा आहे ना

आयएसओ फाईल अडीच-तीन जीबीची असते आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून ती उतरवताना मध्येच जोडणी तुटली तर ब्राउझर कधीकधी अर्धवट फाईलसुद्धा पूर्ण झाल्यासारखी दाखवतो. म्हणून प्रत्येक वितरणाच्या अधिकृत संकेतस्थळावर फाईलसोबत तिची एसएचए-२५६ बेरीज, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण, दिलेली असते. ही ६४ चिन्हांची ओळ आपल्याकडच्या फाईलवरून काढून त्या ओळीशी ताडून पाहावी. विंडोजमध्ये पॉवरशेल उघडून ‘गेट-फाईलहॅश’ ही कमांड लिहावी, एक जागा सोडावी आणि आयएसओ फाईल माउसने ओढून त्या खिडकीत टाकावी. तिचा पत्ता आपोआप लिहिला जातो आणि एंटर दाबल्यावर बेरीज मिळते. लिनक्समध्ये हेच काम ‘एसएचए२५६सम’ ही कमांड करते. पहिली आणि शेवटची चार-सहा चिन्हे जुळली की अपघाताने बिघडलेली फाईल ओळखण्यापुरते काम भागते. फाईलमध्ये कोणी मुद्दाम फेरफार केला आहे का याची खात्री हवी असेल, तर मात्र संपूर्ण ओळ आणि तिच्यावरची जीपीजी सही (वितरणकर्त्यांची डिजिटल सही) दोन्ही तपासावी लागतात.

पेनड्राइव्ह ८ जीबीचा असला तरी पुरतो. त्याहून मोठा आकार असून उपयोग नाही. खरेपणा असून उपयोग आहे. दोनेक वर्षांपूर्वी मी रस्त्यावरच्या एका गाडीवरून ‘६४ जीबी’ असे छापलेला पेनड्राइव्ह स्वस्तात घेतला होता. त्यावर मिंटची फाईल थेट लिहिली तेव्हा ती विनातक्रार सुरू झाली, पण अनेक आयएसओ एकत्र ठेवता याव्यात म्हणून त्यावर व्हेन्टॉय बसवले तेव्हा लॅपटॉपने त्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. एक रविवार त्यात घालवल्यावर उलगडा झाला. व्हेन्टॉय आपले ३२ एमबीचे बूट पार्टिशन (स्वतंत्र कप्पा) पेनड्राइव्हच्या अगदी शेवटी ठेवते आणि माझ्या पेनड्राइव्हला तो ‘शेवट’ मुळी अस्तित्वातच नव्हता. आतली खरी चिप ८ जीबीची होती आणि पुढची सर्व जागा केवळ सांगण्यापुरती होती. अशी बनावट क्षमता ओळखण्यासाठी लिनक्सवर एफ३ आणि विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू ही साधने आहेत. ती पेनड्राइव्ह काठोकाठ भरून पुन्हा वाचून पाहतात, त्यामुळे वेळ लागतो, पण निकाल निःसंदिग्ध मिळतो.

लिहिण्याची रीत

आयएसओ फाईल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी-पेस्ट केली तर तो बूट होत नाही, हे बहुतेकांना माहीत असते; का होत नाही हे माहीत असले तर पुढचे अनेक घोटाळे टळतात. आजच्या बहुतेक वितरणांची आयएसओ फाईल संकरित असते. ती सीडी म्हणूनही वाचता येते आणि तिच्या पहिल्या ५१२ बाइटमध्ये हार्ड डिस्कसारखा बूट विभाग व पार्टिशनांची नोंदही असते. ही फाईल पेनड्राइव्हच्या पहिल्या बाइटपासून जशीच्या तशी उतरवली तर तो पेनड्राइव्ह म्हणजेच ती सीडी होते. या पद्धतीला डीडी पद्धत म्हणतात. दुसऱ्या पद्धतीत साधन पेनड्राइव्हवर फॅट३२ पार्टिशन तयार करते, आयएसओमधल्या फाईली तेथे काढून ठेवते आणि बूटलोडर स्वतःच्या हिशेबाने बसवते. विंडोजवरच्या रूफस या साधनात फाईल निवडून सुरुवात केली की या दोहोंपैकी कोणती पद्धत हवी असे विचारले जाते आणि आयएसओ पद्धतीची शिफारस केलेली असते. माझे मत थोडे वेगळे आहे: आयएसओ पद्धतीने एकदा जमले नाही तर दुसऱ्यांदा तीच न निवडता डीडी निवडावी. ‘एलडीलिनक्स’ ही फाईल चढवता आली नाही अशी तक्रार, किंवा डेबियनचा इन्स्टॉलर सीडी शोधत बसणे, हे दोष बहुधा बूटलोडर वेगळ्या हाताने बसवल्यामुळे उद्भवतात आणि डीडी पद्धतीत नाहीसे होतात. यूनेटबूटिन हे जुने साधन याच कारणासाठी संकरित फाईलींकरता वापरू नये. बलेनाएचर आणि फेडोरा मीडिया रायटर ही साधने मुळातच थेट लिहितात. मिंटमध्ये तर आयएसओ फाईलवर उजवी टिचकी मारली की बूट होणारा पेनड्राइव्ह बनवण्याचा पर्याय समोर येतो.

डीडी पद्धतीने लिहून झाल्यावर विंडोज लगेच सांगते की पेनड्राइव्ह वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावा लागेल. येथे नकार द्यायचा असतो. विंडोजला ती रचना ओळखता येत नाही एवढाच त्या सूचनेचा अर्थ आहे, आणि होकार दिला तर आत्ता लिहिलेले सर्व पुसले जाते. मदतीला बोलावणाऱ्यांपैकी निदान काही जणांचा पेनड्राइव्ह याच एका टिचकीने कोरा झालेला मी पाहिला आहे.

लिनक्सवरून टर्मिनलमध्ये डीडी कमांड वापरणाऱ्याने तीन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली म्हणजे ‘एलएसबीएलके’ ही कमांड पेनड्राइव्ह लावण्यापूर्वी आणि लावल्यानंतर अशी दोनदा देऊन, नवे आलेले नाव आणि त्याचा आकार पाहून साधन ओळखावे, कारण चुकीचे नाव दिले तर डीडी काहीही न विचारता हार्ड डिस्कवर लिहिते. दुसरी म्हणजे लिहायचे ते संपूर्ण साधनावर, त्याच्या पार्टिशनवर नव्हे. नाव एसडीबी असेल तर एसडीबी असेच द्यावे, शेवटी १ हा अंक लावू नये. तो अंक लागला तर लिहिणे बिनबोभाट पार पडते आणि फर्मवेअरला पेनड्राइव्ह मात्र दिसत नाही, म्हणून ही चूक शोधायला अवघड जाते. तिसरी म्हणजे कमांड संपल्यासारखी दिसली तरी मजकूर काही काळ स्मृतीतच साठलेला असतो. ‘सिंक’ ही कमांड देऊन ती परत येईपर्यंत थांबावे. ३ जीबी फाईल जुन्या पेनड्राइव्हवर १० सेकंदांत लिहिली गेली असे दिसले, तर ती अजून लिहिली गेलेली नाही असे खुशाल समजावे.

लिहिलेले खरोखर तसेच उतरले का, हे तपासण्याची सोय एचरमध्ये आपोआप होते. टर्मिनलमध्ये ते काम ‘सीएमपी’ कमांड करते. पेनड्राइव्ह काढून पुन्हा लावावा, म्हणजे तुलना स्मृतीतल्या प्रतीशी न होता प्रत्यक्ष चिपवरच्या मजकुराशी होते, आणि मग सीएमपीला आयएसओ फाईल व पेनड्राइव्ह अशी दोन नावे द्यावीत. आयएसओ फाईल संपली असा संदेश आला तर आनंदच आहे, कारण त्याचा अर्थ शेवटच्या बाइटपर्यंत सर्व जुळले असा होतो. अमुक बाइटला फरक पडला असे आले तर मात्र पेनड्राइव्ह संशयास्पद आहे. ही तुलना पहिल्या बूटच्या आधी करावी. उबुंटूसारखी वितरणे पहिल्याच वेळी पेनड्राइव्हच्या उरलेल्या जागेत स्वतःचे पार्टिशन बनवतात आणि विंडोजही लावलेल्या पेनड्राइव्हवर आपल्या फाईली ठेवून जाते, त्यामुळे नंतर आढळलेला फरक दोषाचा असेलच असे नाही.

फर्मवेअरला पेनड्राइव्ह दिसत नाही

येथे सर्वांत आधी तपासायचे ते हे की लॅपटॉप खरोखर बंद होतो का. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शटडाउन केल्यावर यंत्रणेचा गाभा डिस्कवर गोठवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तो तसाच उठवला जातो; कित्येक यंत्रांत अशा वेळी बूट मेनूची कळ दाबायला सवडच मिळत नाही. म्हणून शटडाउन न करता रीस्टार्ट करावे, किंवा शिफ्ट दाबून धरून रीस्टार्टवर टिचकी मारावी आणि निळ्या पडद्यावर ‘यूज अ डिव्हाइस’ निवडावे. हा दुसरा मार्ग मला अधिक भरवशाचा वाटतो, कारण कळ नेमक्या क्षणी दाबण्याची कसरत त्यात करावी लागत नाही.

कळीचे म्हणाल तर डेल आणि लेनोव्होच्या बहुतेक लॅपटॉपवर एफ१२, एचपीवर आधी एस्केप आणि मग एफ९, असुसच्या लॅपटॉपवर एस्केप आणि एसरवर एफ१२ चालते. एसरच्या अनेक यंत्रांत मात्र हा मेनू मुळात बंद असतो आणि एफ२ दाबून फर्मवेअरमध्ये जाऊन तो आधी चालू करावा लागतो. लेनोव्होच्या आयडियापॅडवर कडेला टाचणीच्या टोकाने दाबायचे बारीक छिद्र असते, त्यातूनही हाच मेनू उघडतो.

मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसला, एकदा नुसत्या नावाने आणि एकदा नावाआधी युईएफआय लावून, तर गोंधळून जाऊ नये. पहिली नोंद जुन्या बायोस पद्धतीची आणि दुसरी नव्या पद्धतीची आहे. जुन्या पद्धतीत फर्मवेअर पहिला विभाग आंधळेपणाने चालवते. युईएफआय मात्र फॅट पार्टिशन शोधते, त्यातल्या ईएफआय या फोल्डरमधल्या बूट या फोल्डरमध्ये जाते आणि तेथे बूटएक्स६४ नावाची फाईल मागते. डिस्कवरचे विंडोज ज्या पद्धतीने बसलेले आहे तीच पद्धत निवडावी. विंडोजच्या ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ या खिडकीत बायोस मोडपुढे युईएफआय की लेगसी हे लिहिलेले असते. दोन यंत्रणा दोन पद्धतींनी बसल्या तर दोन्ही वेगवेगळ्या चालतात, पण ग्रबच्या मेनूतून एकीवरून दुसरीकडे जाता येत नाही आणि ही गफलत संपूर्ण स्थापना उरकल्यावरच लक्षात येते. पेनड्राइव्हवरून मिंट सुरू झाल्यानंतरही खात्री करता येते: सिस या फोल्डरमधल्या फर्मवेअर या फोल्डरमध्ये ईएफआय नावाचे फोल्डर असेल तर आपण युईएफआय पद्धतीने आलो आहोत.

काही जुन्या स्वस्त टॅब्लेट व नेटबुकांत प्रोसेसर ६४-बिट, पण फर्मवेअर ३२-बिट असते. इंटेलच्या बे ट्रेल पिढीत ही विचित्र जोडी बरीच आढळते. त्यांना बूटएक्स६४ चालत नाही, बूटआयए३२ ही फाईल लागते. प्रोसेसरच ३२-बिट असेल तर प्रश्न निराळा आहे: ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच दिला जात नाही, तेव्हा कितीही वेळा पेनड्राइव्ह लिहिला तरी व्यर्थ.

सिक्युअर बूटची हरकत

पेनड्राइव्ह दिसतो, निवडला जातो आणि लगेच ‘सिक्युरिटी व्हायोलेशन’ किंवा ‘व्हेरिफिकेशन फेल्ड’ असे शब्द येतात, तेव्हा पेनड्राइव्ह उत्तम लिहिला गेलेला असतो; सही पटलेली नसते. उबुंटू, मिंट, डेबियन आणि फेडोरा या वितरणांत मायक्रोसॉफ्टने सही केलेला ‘शिम’ नावाचा छोटा प्रोग्राम प्रथम चालतो, तो ग्रबची सही तपासतो आणि पुढे कर्नलची तपासणी होते. या साखळीतला जुना दुवा बाद ठरवण्याची सोय एसबीएटी या यंत्रणेत आहे. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अद्ययावतीत अशी एक बादयादी आली आणि दोन्ही यंत्रणा एकत्र नांदत असलेल्या अनेक संगणकांवर लिनक्स सुरू होईना. जुने आयएसओ असलेले पेनड्राइव्हही त्याच फटक्यात निकामी ठरले. पडद्यावर एसबीएटी ही अक्षरे आणि ‘काहीतरी गंभीर बिघडले आहे’ अशा आशयाची इंग्रजी ओळ दिसली तर तो हाच प्रकार आहे. उपाय म्हणजे त्या वितरणाचे ताजे आयएसओ घेणे. कपाटात दोन वर्षे जपून ठेवलेला पेनड्राइव्ह येथे कामाचा नाही.

काही नव्या लॅपटॉपांत फर्मवेअर केवळ विंडोजची सही मानते आणि इतरांसाठीची मायक्रोसॉफ्टची सही बंद ठेवलेली असते. लेनोव्होच्या २०२२ नंतरच्या काही थिंकपॅडवर हे आढळते. फर्मवेअरच्या सिक्युअर बूट विभागात ‘थर्ड पार्टी युईएफआय सीए’ला परवानगी देणारा पर्याय असतो, तेवढा चालू केला की पुरते. व्हेन्टॉयचा पेनड्राइव्ह असेल तर पहिल्या वेळी निळ्या पडद्यावर त्याची की नोंदवावी लागते आणि ती पायरी चुकवली तर तो चालत नाही. हे सर्व करूनही अडले तर सिक्युअर बूट तात्पुरता बंद करावा, पण सुरुवातीला सांगितलेली रिकव्हरी की हाताशी असल्याखेरीज नाही.

मेनू आला, पुढे काळोख

ग्रबचा मेनू दिसला म्हणजे फर्मवेअर आणि बूटलोडर या दोघांची कामगिरी संपली. त्यानंतर पडदा काळा पडून तसाच राहिला, पण लॅपटॉपचा पंखा फिरतो आहे आणि कॅप्स लॉकचा दिवा कळ दाबल्यावर पेटतो-विझतो आहे, तर यंत्रणा बहुधा जिवंत आहे आणि केवळ चित्र उमटत नाही. एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड असलेल्या यंत्रांत हे वारंवार घडते. मिंटच्या मेनूत ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ आणि उबुंटूच्या मेनूत ‘सेफ ग्राफिक्स’ हा पर्याय यासाठीच दिलेला आहे. तो नसेल तर मेनूतल्या पहिल्या ओळीवर थांबून ई ही कळ दाबावी, उघडलेल्या मजकुरात लिनक्स या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधावी आणि तिच्यातले ‘क्वाएट’ व ‘स्प्लॅश’ हे दोन शब्द काढून तेथे ‘नोमोडसेट’ हा शब्द लिहावा. तो रोमन लिपीत, सर्व लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता एन, ओ, एम, ओ, डी, ई, एस, ई, टी असा येतो. मग एफ१० किंवा कंट्रोल-एक्स दाबावे. हा बदल त्या एका वेळेपुरता असतो, त्यामुळे चूक झाली तरी काही बिघडत नाही. स्थापना झाल्यानंतरच्या पहिल्या बूटलाही पुन्हा हेच करावे लागू शकते. त्यानंतर ड्रायव्हर मॅनेजरमधून योग्य ड्रायव्हर बसवला की ही गरज संपते.

ते दोन शब्द काढण्याचा दुसरा फायदा असा की कर्नलचे बोलणे दिसू लागते. ओळींमध्ये ‘स्क्वॉशएफएस एरर’ असे शब्द आले तर पेनड्राइव्हवरचा दाबून ठेवलेला मजकूर उलगडताना बिघाड सापडला आहे. तेव्हा बेरीज, पेनड्राइव्ह आणि यूएसबी पोर्ट हे या क्रमाने तपासावेत. आणि दुसरा, खात्रीचा पेनड्राइव्ह वापरूनही हीच तक्रार राहिली तर मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवून रॅम तपासावी. दोषी रॅम असलेल्या लॅपटॉपवर विंडोज वर्षानुवर्षे ‘कधीतरी अडकते’ एवढ्यावरच निभावलेले असते.

पेनड्राइव्हवरून सुरू झाले, पण पेनड्राइव्हच सापडत नाही

सर्व दोषांत हा सर्वांत चमत्कारिक वाटतो. उबुंटू किंवा मिंट ‘इनिटरॅमएफएस’ असे लिहिलेल्या साध्या ओळीवर येऊन थांबते आणि थेट चालणारी यंत्रणा ज्यावर आहे ते माध्यम सापडत नाही म्हणते. डेबियनचा इन्स्टॉलर भाषा वगैरे विचारून झाल्यावर सीडी-रॉम सापडत नाही म्हणतो. ज्यावरून तो स्वतः आला तेच त्याला सापडू नये हे विसंगत वाटते, पण त्याचे कारण साधे आहे. कर्नल स्मृतीत येईपर्यंत पेनड्राइव्ह वाचण्याचे काम फर्मवेअर आपल्या स्वतःच्या यूएसबी ड्रायव्हरने करत असते. कर्नल आला की फर्मवेअर बाजूला होते आणि कर्नल आपल्या ड्रायव्हरने सर्व साधने पुन्हा पहिल्यापासून शोधतो. पहिल्याला जे दिसले ते दुसऱ्याला दिसेलच असे नाही.

म्हणून येथे आधी पोर्ट बदलावा. निळ्या जिभेच्या यूएसबी ३ पोर्टऐवजी काळ्या जिभेच्या यूएसबी २ पोर्टमध्ये पेनड्राइव्ह लावावा. मध्ये यूएसबी हब किंवा लांब वायर असेल तर ती काढावी. टेबलावरच्या डेस्कटॉपमध्ये पुढच्या पोर्टऐवजी मागचा, थेट मदरबोर्डवरचा पोर्ट घ्यावा. तरीही तेच झाले तर पेनड्राइव्ह डीडी पद्धतीने पुन्हा लिहावा, कारण आयएसओ पद्धतीत सीडीची मूळ रचना उरलेली नसते आणि डेबियनचा इन्स्टॉलर कधीकधी त्यामुळेच अडतो. डेबियनच्या चित्रमय इन्स्टॉलरमध्ये कंट्रोल-ऑल्ट-एफ४ दाबले की आतल्या घडामोडींची नोंद दिसते आणि ऑल्ट-एफ५ने परत येता येते. पेनड्राइव्हबद्दल पुनःपुन्हा ‘आय/ओ एरर’ दिसत असेल तर लिहिण्याची पद्धत नव्हे, पेनड्राइव्हच बदलावा.

येथेच एक बाब सांगून टाकतो. डेबियनच्या भाषायादीत मराठी आहे, तरी ती दिसत नाही अशी तक्रार कधीकधी कानी येते. साध्या अक्षरी इन्स्टॉलरला देवनागरी दाखवता येत नसल्यामुळे त्या यादीत मराठी ठेवलेली नाही. मेनूत ‘ग्राफिकल इन्स्टॉल’ निवडले की ती दिसते.

इन्स्टॉलरला हार्ड डिस्क दिसत नाही

पेनड्राइव्हची जबाबदारी येथे संपते, तरी दोष त्याच्याच माथी मारला जातो. इंटेलच्या अनेक लॅपटॉपांत डिस्क आरएसटी किंवा रेड या पद्धतीने जोडलेली असते आणि इन्स्टॉलरला ती दिसत नाही. फर्मवेअरमध्ये ही जोडणीची पद्धत बदलून एएचसीआय केली की डिस्क दिसते. परंतु ती थेट बदलली तर विंडोज सुरू होत नाही. आधी विंडोजमध्ये ‘एमएसकॉन्फिग’ उघडून बूट या विभागात ‘सेफ बूट’वर खूण करावी, रीस्टार्ट करून थेट फर्मवेअरमध्ये जावे, एएचसीआय निवडावे आणि विंडोज सेफ मोडमध्ये एकदा सुरू होऊ द्यावे. त्या वेळी ते योग्य ड्रायव्हर स्वतःच चढवते. मग ती खूण काढून पुन्हा सुरू करावे. सेफ मोडमध्ये चार अंकी पिन चालेलच असे नाही, म्हणून खात्याचा खरा पासवर्ड आधी आठवून ठेवावा. बिटलॉकरची खबरदारी येथेही लागू आहे.

स्थापना पूर्ण झाल्यावर पेनड्राइव्ह काढूनच यंत्र पुन्हा सुरू करावे, नाहीतर तोच इन्स्टॉलर पुन्हा समोर येतो आणि काहीच बसले नाही असे वाटते. पेनड्राइव्ह काढल्यावर लॅपटॉप सरळ विंडोजमध्ये गेला तर फर्मवेअरमधला बूटचा क्रम पाहावा. मिंट बसवले असले तरी त्या यादीत नोंद उबुंटू या नावाने असते, तीच वर आणावी.

राहता राहिला पेनड्राइव्ह. डीडी पद्धतीने लिहिलेला पेनड्राइव्ह विंडोजमध्ये काही एमबीचाच दिसतो आणि तो खराब झाला असे समजून लोक टाकून देतात. प्रशासकाच्या अधिकाराने विंडोजमधले डिस्कपार्ट हे साधन उघडावे, ‘लिस्ट डिस्क’ने यादी पाहावी, आकारावरून पेनड्राइव्हचा क्रमांक ओळखून ‘सिलेक्ट डिस्क’ आणि तो क्रमांक लिहावा आणि मग ‘क्लीन’ द्यावे. त्यानंतर डिस्क मॅनेजमेंटमधून नवे पार्टिशन करता येते. क्लीन देण्यापूर्वी आकार पुन्हा एकदा वाचावा, कारण डिस्कपार्टही डीडीप्रमाणेच काही विचारत नाही. मिंटवर हेच काम यूएसबी स्टिक फॉरमॅटर एका टिचकीत करते.